दहापैकी आठ

ताई, नमस्कार.

माझं वय चौतीस. कॉलेजपासूनच्या आम्ही पाच मैत्रिणी. आता पाच दिशांना पांगलोय, म्हणून गेल्या वर्षी ठरवलं की दर रविवारी रात्री सगळ्यांनी कॉलवर यायचं. दर वेळी एकीनं एक प्रश्न आणायचा आणि बाकीच्या चौघींनी त्याचं उत्तर द्यायचं. सुरुवातीला खूप मजा आली. आवडता ऋतू कोणता, पहाट आवडते की रात्र, गर्दी की एकांत, असे प्रश्न असायचे. मी काहीतरी उत्तर द्यायचे, पण कुणी लगेच ‘का गं?’ म्हणून विचारलं की अडायचे.

मग प्रश्न जड होत गेले. ‘कुठलं मूल्य तू काही झालं तरी सोडणार नाहीस?’ असं एकीनं विचारलं. बाकीच्यांनी भराभर सांगितलं: स्वातंत्र्य, कुटुंब, माणुसकी. मी प्रामाणिकपणा म्हणाले, कारण तेवढंच उरलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वीचा प्रश्न होता, ‘तू सुखी आहेस का? दहापैकी किती?’ कुणी सात म्हणालं, कुणी सहा, एक तर नऊ म्हणाली. मी आठ म्हणाले. खरं सांगायचं तर गेले दोन-तीन महिने सकाळी उठावंसंच वाटत नाही. गाणी ऐकायचे, चालायला जायचे, ते सगळं सुटलंय. तक्रार करायला तशी जागा नाही. नवरा समजूतदार आहे, मुलगी शाळेत रमलीय, पगार वेळेवर होतो. ऑफिसात मात्र बिनसलंय. एका नव्या मुलावर दुसऱ्याची चूक ढकलली जात होती, तेव्हा मी मीटिंगमध्ये बोलले. तेव्हापासून साहेब माझ्याशी कामापुरतंही धड बोलत नाहीत. हे मी मैत्रिणींना सांगितलेलं नाही.

त्या रात्री कॉल संपल्यावर आमच्यातल्या माझ्या सगळ्यात जुन्या मैत्रिणीचा मेसेज आला, ‘खरंच आठ?’ मी नुसता हसरा चेहरा पाठवला. त्यानंतरचे दोन्ही रविवार मी काहीतरी कारण सांगून कॉल टाळला.

ताई, मी पोकळ आहे का? बाकीच्यांना स्वतःबद्दल इतकं पटकन कसं सांगता येतं? आणि मैत्रिणींनी विचारलं म्हणजे सगळं सांगायलाच हवं का?

— निरुत्तर

*

प्रिय निरुत्तर,

पोकळ माणूस एका आकड्यावरून तीन आठवडे स्वतःला टोचत बसत नाही. तेव्हा ती शंका आधी मनातून काढून टाक. तुझ्या पत्रात उत्तरं भरपूर आहेत. ती तू प्रश्नाच्या जागी लिहिली नाहीस, भलत्याच ठिकाणी लिहिलीस, एवढंच झालंय. त्यातलं एक तर इतकं स्पष्ट आहे की त्यावर मी जरा सविस्तर बोलणार आहे.

आधी हे भराभर येणाऱ्या उत्तरांचं कोडं बघू. अशा प्रश्नांचा खेळ फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात घरोघरी अशा वह्या फिरत असत. आवडता गुण, न आवडणारा दोष, सुखाची कल्पना, दुःखाची कल्पना असे छापील प्रश्न असायचे आणि पाहुण्यांनी त्यापुढे उत्तरं लिहायची. कार्ल मार्क्सनं मुलींच्या हौसेखातर 1865 मध्ये असे प्रश्न सोडवले. सुख म्हणजे काय, यापुढे त्यानं लिहिलं, लढणं. दुःख म्हणजे शरण जाणं. त्याचा जिवलग मित्र एंगेल्स यानं 1868 मध्ये त्याच प्रश्नांना उत्तर देताना सुखापुढे एका उंची वाइनचं नाव आणि साल लिहिलं, आणि दुःखापुढे लिहिलं, दातांच्या डॉक्टरकडे जाणं. दोघांनी आयुष्यभर एकच काम खांद्याला खांदा लावून केलं. म्हणून एंगेल्स उथळ होता असं कुणी म्हणेल का? त्या क्षणी एकाला गंभीर व्हावंसं वाटलं, दुसऱ्याला खट्याळपणा करावासा वाटला. फ्रेंच लेखक मार्सेल प्रूस्त यानं तर अशी उत्तरं दोनदा दिली. किशोरवयात त्यानं सर्वात मोठ्या दुःखापुढे लिहिलं, आईपासून दुरावणं. पुढे विशीच्या उंबरठ्यावर त्यानं लिहिलं, आई आणि आजी मला लाभल्याच नसत्या तर ते. माणूस तोच, माया तीच, पण मुलाची भीती मोठ्या माणसाच्या कृतज्ञतेत बदललेली दिसते. पहिलं उत्तर खोटं होतं म्हणून दुसरं आलं, असं नाही.

तुझ्या मैत्रिणींनीही त्या रविवारी त्यांना जे सुचलं ते सांगितलं. ‘स्वातंत्र्य’ म्हणणारीनं ते उत्तर आधी दहा ठिकाणी दिलेलं असू शकतं. काही उत्तरं बोलून बोलून जिभेवर बसलेली असतात. तुझी बसलेली नाहीत, कारण तू फार कुणाशी असं बोलत नाहीस. हा सवयीचा फरक आहे. त्यावरून कुणाच्या आत किती खोली आहे ते ठरत नाही.

आवडीनिवडीच्या प्रश्नांवर मी फार वेळ घालवणार नाही. त्यात तू अडतेस ती ‘का?’ला, आणि तिथे अडणं योग्यच आहे. टिमथी विल्सन या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना काही पोस्टर दाखवून त्यातलं एक घरी न्यायला सांगितलं. काही जणांना निवडण्याआधी आपल्या आवडीची कारणं लिहायला लावली, बाकीच्यांना नाही. काही आठवड्यांनी चौकशी केली, तेव्हा कारणं लिहिणारे आपल्या पोस्टरवर कमी खूश होते. कारण शोधायला बसलं की शब्दांत सहज सांगता येईल असं कारण हाताशी लागतं, आणि मग माणूस त्या कारणाला शोभेल अशी निवड करतो. खरी आवड बाजूला राहते. तेव्हा पुढच्या वेळी ‘का गं?’ आलं तर कारण बनवू नकोस. ‘का ते माहीत नाही, पण पहाटे मी वेगळीच असते,’ एवढं सांग आणि एखादी पहाट कशी होती ते सांग. ऐकणारीला त्यातून तू जास्त कळशील.

आता मूल्यांचा प्रश्न. इथे मात्र मला सावकाश बोलायचंय.

‘प्रामाणिकपणा म्हणाले, कारण तेवढंच उरलं होतं,’ असं तू लिहिलंस. प्रश्नच असा होता की कुणाचंही उत्तर असंच यावं. मूल्यांची नावं घ्यायला सांगितली की सगळेच भले दिसतात. स्वातंत्र्य कुणाला नकोय? माणुसकी कोण नाकारेल? शलोम श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञानं अनेक देशांतल्या लोकांचा अभ्यास करून 1992 मध्ये मूल्यांचे दहा गट मांडले आणि ते एका वर्तुळात बसवले. त्यात शेजारशेजारची मूल्यं एकमेकांना धरून चालतात, समोरासमोरची एकमेकांना ओढतात. सुरक्षितता आणि स्वतःच्या मनानं वागणं, स्वतःची प्रगती आणि सगळ्यांचं भलं, यांच्यात ओढाताण ठरलेली. या मांडणीतून मला पटलेली गोष्ट अशी की बहुतेक माणसांना यातलं जवळजवळ सगळंच हवं असतं. माणसामाणसांत फरक पडतो तो एवढाच की ताण आला की कुणी कशासाठी काय सोडतं.

म्हणून कुठलं मूल्य सोडणार नाहीस, याचं खरं उत्तर नुसत्या नावानं देता येत नाही. एखादा प्रसंग सांगावा लागतो, ज्यात दोन हव्याशा गोष्टी समोरासमोर आल्या आणि आपण एक हातची जाऊ दिली. असा प्रसंग तुझ्या पत्रात आहे. तो तू ऑफिसच्या कटकटीखाली लिहिलास. एका नव्या, दुबळ्या जागी असलेल्या मुलावर दुसऱ्याची चूक ढकलली जात होती. गप्प बसली असतीस तर तुझं काही बिघडलं नसतं, कुणी तुला दोषही दिला नसता. तू भर मीटिंगमध्ये बोललीस. त्याची किंमत तुला रोज मोजावी लागतेय, साहेबांच्या अबोल्यात. मैत्रिणींनी भराभर सांगितलेल्या कुठल्याही नावापेक्षा हे उत्तर मोलाचं आहे, कारण ते तू आधी जगलीस. त्याला प्रामाणिकपणा म्हण, न्याय म्हण, किंवा काहीच नाव देऊ नकोस. रविवारी कुणी विचारलं तर हा प्रसंग सांग, आणि ‘पुन्हा तसं झालं तर मी पुन्हा बोलेन का, हे आज मला ठामपणे सांगता येत नाही,’ असं वाटत असेल तर तेही सांग. मूल्य जपणाऱ्या माणसाला आपण थकलोय हे कबूल करता येतं.

इथे एक गोष्ट मला खुपते, ती तुला सांगायलाच हवी. ज्या बाईनं साहेबांसमोर तोंड उघडलं, तीच बाई मैत्रिणींसमोर आठ म्हणून मोकळी झाली. ऑफिसात बोलायला धैर्य लागलं, ते तू दाखवलंस. मग मैत्रिणींमध्ये काय आड आलं? माझा अंदाज असा: दुसऱ्यासाठी बोलायला तुला जमतं, स्वतःसाठी बोलायची वेळ आली की तुला ते रडगाणं वाटायला लागतं. ‘तक्रार करायला तशी जागा नाही’ हे तुझंच वाक्य आहे. नवरा चांगला आहे, पगार वेळेवर होतो, म्हणून आपल्याला वाईट वाटायचा हक्क नाही, असा कसला तरी हिशेब तू मांडून ठेवलायस. तो हिशेब सोड. दुःखाला परवानगी लागत नाही.

आता तो आठचा आकडा. तू म्हणतेस तितका तो खोटा आहे का, हेही बघायला हवं.

सुख मोजायची एक प्रसिद्ध पद्धत हॅडली कँट्रिल या अमेरिकी संशोधकानं 1965 मध्ये मांडली. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी डोळ्यांपुढे आणायची. सगळ्यात वरच्या पायरीवर तुमच्या दृष्टीनं शक्य असलेलं उत्तमोत्तम आयुष्य, तळाशी सगळ्यात वाईट. आज तुम्ही कुठल्या पायरीवर उभे आहात? देशोदेशींच्या सुखाची क्रमवारी दरवर्षी बातम्यांत येते, ती याच शिडीवरून काढतात. आता लक्षात घे, या प्रश्नाला उत्तर देताना माणूस आयुष्याचा जमाखर्च मांडतो. घर, माणसं, तब्येत, पैसा. तुझ्या जमेच्या बाजूला बरंच काही आहे, तेव्हा त्या हिशेबानं आठ हा आकडा अगदीच खोटा नसेल.

पण काल दिवसभर तुला कसं वाटलं, हा निराळा प्रश्न आहे. डॅनियल काहनमन या मानसशास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये नोकरी करणाऱ्या 909 स्त्रियांना आदल्या दिवसाचे तुकडे पाडायला सांगितले. उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं, सोबत कोण होतं, आणि त्या त्या वेळी मनात काय होतं. अशा तपशिलातून जे सुखदुःख दिसतं ते आयुष्याच्या एकूण हिशेबाशी दर वेळी जुळतंच असं नाही. शिडीच्या आठव्या पायरीवर उभ्या असलेल्या बाईची सकाळ रिकामी असू शकते. तुझ्या बाबतीत तेच झालंय असं मला वाटतं. प्रश्न एक होता, पण त्याच्या पोटात दोन प्रश्न होते. तू एकाचं उत्तर दिलंस आणि दुसऱ्याचं न दिल्याची बोच लागून राहिली.

शिवाय असे आकडे आधी काय बोलणं झालं त्यावरही हलतात. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारले होते: आयुष्यात किती सुखी आहात, आणि प्रेमाच्या भेटीगाठी किती होतात. सुखाचा प्रश्न आधी विचारला तेव्हा दोन उत्तरांचा एकमेकांशी फारसा संबंध दिसला नाही. भेटीगाठींचा प्रश्न आधी आला, तेव्हा दोन्ही उत्तरं घट्ट जोडली गेली. पुढच्या मोठ्या चाचण्यांमध्ये प्रश्नांच्या क्रमाचा परिणाम दर वेळी इतका ठळक निघाला नाही, तरी आपल्याला सावध करायला एवढं पुरेसं आहे. तुझ्या आधी एकीनं नऊ म्हटलं असेल तर चार म्हणायला जीभ कशी रेटणार?

हे सगळं सांगितलं ते तुझ्या मनावरचं ओझं कमी व्हावं म्हणून. पण पत्रातल्या एका वाक्यावरून मी पुढे सरकू शकत नाही. गेले दोन-तीन महिने सकाळी उठावंसं वाटत नाही, गाणी सुटली, चालणं सुटलं. सुखाच्या शिडीपेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं. डॉक्टर किंवा समुपदेशक असं काही ऐकतात तेव्हा ‘तुम्ही सुखी आहात का’ असं विचारत नाहीत. ते विचारतात, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस मन उदास होतं? किती दिवस आवडीच्या गोष्टींतही रस वाटला नाही? जागतिक आरोग्य संघटनेची पाच वाक्यांची एक छोटी प्रश्नावली 1998 पासून वापरात आहे. तीही गेल्या दोन आठवड्यांपुरतंच विचारते: मन प्रसन्न होतं का, उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, रोजच्या दिवसात मन गुंतेल असं काही होतं का. उदासी किंवा रस उडणं जवळजवळ रोज, दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली, तर ते नैराश्याचं लक्षण असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. ऑफिसातला अबोला त्याचं कारण असेल किंवा नसेल. ते तू किंवा मी घरबसल्या ठरवायचं नाही. तुझे दोन-तीन महिने झालेत. येत्या आठवड्यात डॉक्टरांना भेट. आणि जगणं नकोसं झालं, स्वतःला इजा करावीशी वाटली, तर मग आठवड्याचीही वाट बघायची नाही. त्याच घडीला नवऱ्याला सांगायचं आणि त्याच्यासोबत दवाखान्यात जायचं.

आता तुझा शेवटचा प्रश्न: विचारलं म्हणजे सांगायलाच हवं का?

नाही. मैत्री जुनी आहे म्हणून मनाच्या प्रत्येक खोलीची किल्ली द्यावी लागत नाही. काही गोष्टी आपल्या एकट्याच्या नसतात. नवऱ्याबद्दलची, मुलीबद्दलची, सहकाऱ्याबद्दलची एखादी गोष्ट सांगायची की नाही, हे ठरवताना त्यांचाही विचार करावा लागतो. काही गोष्टी अजून आपल्यालाच नीट उमगलेल्या नसतात, आणि घाईनं बोलून टाकलं की पुढे आपण आपल्याच बोललेल्या वाक्याला बांधले जातो. पण न सांगणं आणि खोटं सांगणं यांत मी फार अंतर मानते. ‘आज या प्रश्नाला उत्तर नको द्यायला वाटतंय’ असं म्हणणारी मैत्रीण सोबतच असते. ‘आठ’ म्हणून हसणारी हळूहळू दूर जाते, कारण आता तिला ते आठ सांभाळायचं असतं. तू दोन कॉल टाळलेस ते प्रश्नाच्या भीतीनं टाळलेस, असं मला वाटत नाही. तुला ते आठ सांभाळायचं होतं म्हणून टाळलेस.

नकार द्यायला शब्द जवळ हवेत, नाहीतर ऐन वेळी हसून वेळ मारून नेली जाते. ‘यावर अजून विचार चाललाय, झाला की सांगेन.’ ‘हे सगळ्यांसमोर नको, तुला एकटीला सांगेन.’ ‘आकडा नाही सांगत, पण हा महिना जड गेला.’ हे तिसरं वाक्य मला सगळ्यात आवडतं. त्यात उघडं पडल्यासारखं काही नाही, आणि खोटंही काही नाही.

तुमच्या खेळाबद्दलही बोलते, कारण दोष एकट्या तुझा नाही. तू लिहिलंस की एकीनं प्रश्न आणायचा आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. म्हणजे विचारणारी स्वतः उत्तर देत नाही! मला हा नियमच चुकीचा वाटतो. आर्थर एरन या मानसशास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये अनोळखी माणसांच्या जोड्या बसवून त्यांना 36 प्रश्न दिले होते. प्रश्नांचे तीन टप्पे होते. पहिल्यात हलके, दुसऱ्यात जरा खोल, तिसऱ्यात अगदी मनातले. वेळ पाऊण तास. प्रत्येक प्रश्नाला दोघांनीही उत्तर द्यायचं. इकडच्यातिकडच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली. प्रश्न चांगले होतेच, पण मला वाटतं खरं काम केलं ते दोन गोष्टींनी: पायरीपायरीनं आत जाणं आणि दोन्ही बाजूंनी उघडणं. एक बोलली, दुसरी तेवढंच बोलली, मग पहिली अजून थोडं. तुमच्याकडे चौघी ओळीनं उत्तर देतात आणि पाचवी ऐकते. त्याला तोंडी परीक्षेचं रूप येणारच, आणि परीक्षेत कोण कमी गुण सांगेल?

रविवारी परत जाशील तेव्हा एवढंच सुचव: प्रश्न आणणारीनं आधी स्वतः उत्तर द्यायचं. ‘पास’ म्हणायची मुभा सगळ्यांना, आणि पास म्हटलं की कारण विचारायचं नाही. आणि एकीचं उत्तर झालं की लगेच दुसरीकडे वळायचं नाही, तिच्या उत्तरातूनच एक प्रश्न तिला विचारायचा. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं की समोरच्याच्या बोलण्याला धरून पुढचा प्रश्न विचारणारी माणसं लोकांना जास्त आवडतात. ऐकलं जातंय याची ती खूण असते. तुमच्या कॉलवर आठ हा आकडा आला आणि पुढे गेला. ‘म्हणजे उरलेले दोन कुठे गेले?’ असं एकीनंही विचारलं नाही.

एकीनं मात्र विचारलं. जरा उशिरा, खाजगीत, दोन शब्दांत. ‘खरंच आठ?’

निरुत्तर, तुझ्या सगळ्या पत्रात मला सर्वांत जास्त दिलासा या मेसेजनं दिला. तिला आकड्यामागचा आवाज ऐकू आला होता. तिनं सगळ्यांदेखत तुला पकडलं नाही. ती थांबली आणि मग दार वाजवलं. अशी मैत्रीण असणं ही मोठी गोष्ट आहे आणि तिला तू हसरा चेहरा पाठवलास, याचं मला वाईट वाटलं. तिला काय वाटलं असेल? एक तर तिला वाटलं असेल की आपला अंदाज चुकला. नाहीतर तिला कळलं असेल की तुला तिला आत घ्यायचं नाहीये. दोन्ही खरं नाही, आणि दोन्ही गैरसमज तुझ्या एका वाक्यानं दूर होतील.

तू घाबरतेयस ते मला समजतं. इतक्या दिवसांनी काय लिहायचं, ती काय म्हणेल, विचित्र वाटेल. मायकल कर्डस, अमित कुमार आणि निकोलस एपली या संशोधकांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना मनातलं, खोलवरचं बोलायला लावलं आणि आधी विचारलं की हे किती अवघड जाईल. लोकांनी अवघडलेपणाचा जो अंदाज केला, त्याहून प्रत्यक्षात तो कमी निघाला. समोरच्या माणसाला आपल्या बोलण्यात किती आस्था आहे, याचाही अंदाज लोक कमीच करतात. तेही अनोळखी माणसांच्या बाबतीत. तुझ्यासमोर तर कॉलेजपासूनची मैत्रीण आहे.

तेव्हा उद्या तिला लिही. लांबलचक नको, माफीनं भरलेलं तर अजिबात नको. ‘त्या दिवशी तू विचारलंस ना, खरंच आठ का. नाही. ऑफिसात एक गोष्ट घडलीय आणि गेले दोन-तीन महिने मी बरी नाही. फोन करू का?’ एवढं पुरे. फोनवर आधी ऑफिसचा तो प्रसंग सांग, कारण त्यात तुझी काहीही चूक नाही आणि तिथून बोलायला सुरुवात करणं सोपं जाईल. सकाळचं मग आपोआप निघेल. ती सल्ले द्यायला लागली आणि तुला नुसतं ऐकणारं कुणी हवं असेल, तर तसं तिला मोकळेपणी सांग. आणि तुझं बोलून झालं की तिलाही विचार, तिचा आकडा खरा होता का.

फोन ठेवण्याआधी डॉक्टरांकडे जायचंय हेही तिला सांगून टाक. वेळ घ्यायला मन धजत नसेल तर ती तुझ्यासाठी फोन लावेल, असं मला तिच्या त्या दोन शब्दांवरून वाटतंय.

तुझी,
ताई